लागते ती सवड, धाडस नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी आशियातल्या एकट्याच्या भटकंतीवर एक लेख आला होता. पाठीवर सॅक, खिशात मोजके पैसे आणि वर्षभर देशोदेशी. लेखक तरुण आहे, लिहितोही झकास. पण मधोमध चौकट टाकून दिलेला रोजच्या खर्चाचा आकडा आणि शेवटचे ‘फक्त धाडस हवे’ हे वाक्य वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र. मी बँकेत कॅशियर होते. नोकरी संपल्यावर २०२४ च्या दिवाळीनंतर निघाले आणि वर्षभर थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया, मलेशिया, इंडोनेशिया असे एकटीने फिरले. हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये, मिळेल तिथे खालच्या खाटेवर झोपले. त्यामुळे आकड्यांवर बोलायचा थोडाफार हक्क मला आहे असे समजते.

माझे म्हणणे एका तिकिटावरून सांगते. कंबोडियात अंगकोरची देवळे पाहायला परदेशी माणसाला पास घ्यावा लागतो. एका दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२ आणि सात दिवसांचा ७२. म्हणजे एका दिवसात उरकणाऱ्याला तो दिवस ३७ डॉलरला पडतो आणि सात दिवस देणाऱ्याला साधारण दहाला. शिवाय सात दिवसांचा पास महिनाभर चालतो; पाऊस आला, पाय दुखले, तर त्या दिवशी जाऊ नका. मी सात दिवसांचा घेतला. काटकसर केली म्हणून तो मला स्वस्त पडला नाही. मला कुठे परत जायचे नव्हते, म्हणून पडला.

त्या पासातली एक अख्खी सकाळ मी अंगकोर वाटच्या पूर्वेकडच्या ओवरीत समुद्रमंथनासमोर काढली. बाराव्या शतकातल्या सूर्यवर्म्याच्या काळातले देऊळ. भिंतीवरचे ते एकच शिल्प सुमारे ४९ मीटर लांब आहे. एका बाजूला वटारल्या डोळ्यांचे असुर, दुसऱ्या बाजूला देव, मध्ये विष्णू, खाली कासव, आणि नागाचे अंग सगळ्यांच्या कवेत. असुरांच्या दंडांवरचा ताण आणि देवांच्या चेहऱ्यावरचे जरासे कंटाळलेले शांतपण हे मला तासाभराने दिसायला लागले. खालच्या पट्टीत मासे आणि मगरी आहेत. घुसळणीच्या अगदी मध्याजवळ गेले की माशांचे दोन तुकडे झालेले दिसतात. ते पहिल्या फेरीत दिसलेच नव्हते. तोवर माझ्या पाठीमागून गटामागून गट गेले. गाइड विष्णू दाखवायचा, फोटो व्हायचा, पुढे. त्या लोकांना हौस कमी होती असे मुळीच नाही. त्यांची रजा तेवढीच होती.

पुरवणीतला लेख हे सांगत नाही. रोजचा खर्च कमी का होतो, तर तुम्ही हळू जाता म्हणून. आठवडाभर एकाच ठिकाणी राहिलात की मालकीण दर उतरवते, कुठे जेवायचे ते कळते, रिक्षाऐवजी पायी जाता. देश भराभर बदललात की त्याच दर्जाच्या खाटेत झोपूनही खर्च दुपटीवर जातो. आणि हळू जाण्यासाठी लागते ती सवड. मला पेन्शन आहे. सासूबाई आता नाहीत, मुलगा आपल्या पायावर उभा आहे, घरात माझ्यावाचून कोणाचे अडत नाही. माझ्यासोबत काउंटरवर बसणाऱ्या कितीतरी जणी माझ्यापेक्षा धीट होत्या. त्यांच्यातली एकही असे वर्ष काढू शकणार नाही. त्यांना ‘फक्त धाडस हवे’ म्हणणे म्हणजे जखमेवर मीठ.

दुसरी गोष्ट व्हिसाची. आपल्या पासपोर्टवर फिरणाऱ्याचा नकाशा हौसेने ठरत नाही, मुक्कामाच्या परवानगीच्या दिवसांनी ठरतो. मी गेले तेव्हा थायलंडमध्ये आपल्याला व्हिसाशिवाय ६० दिवस राहता येत होते, मलेशियात ३०. व्हिएतनामचा ई-व्हिसा २५ डॉलरला ९० दिवसांचा मिळतो, पण कोणत्या चौकीतून आत येणार ते अर्जातच लिहावे लागते. मी लाओसमधून डोंगरातल्या ताय त्रांग चौकीचे नाव लिहिले होते. वाटेत बेत बदलून दुसऱ्या घाटाने उतरायची सोय नव्हती. इंडोनेशियात तीस दिवसांचे पाच लाख रुपिया, आणखी तीस हवे असतील तर पुन्हा पाच लाख, आणि ही मुदतवाढ एकदाच. या रकमा रोजच्या खर्चाच्या चौकटीत कुठेच नव्हत्या. एका विमानतळावर तर पुढच्या प्रवासाचे तिकीट, हॉटेलचे बुकिंग आणि जवळचे पैसे, तिन्ही दाखवायला लागले. आयुष्यभर मी लोकांच्या नोटा मोजल्या, तिथे माझ्या नोटा मोजायला दुसरा बसला होता. माझ्या पुढच्या गोऱ्या मुलाला त्याने मान वर करूनही पाहिले नाही.

आणि सीमा उघडी असेलच असे नाही. अंगकोरजवळच्या सिएम रीपहून पॉइपेटच्या चौकीतून थायलंडमध्ये शिरायचे आणि रेल्वेने दक्षिणेला, मलेशियापर्यंत जायचे, असा माझा स्वस्तातला बेत होता. २०२५ च्या जूनच्या अखेरीस थायलंड-कंबोडियामधल्या रस्त्यावरच्या चौक्या प्रवाशांना बंद झाल्या. नाइलाजाने विमान. सिएम रीपचा नवा विमानतळ २०२३ मध्ये सुरू झालेला, गावापासून चाळीस-पन्नास किलोमीटर दूर; तिथवर पोचण्याचा खर्च वेगळाच. त्या एका दिवसात माझा दोन आठवड्यांचा खाण्या-झोपण्याचा खर्च गेला. पुढे जुलैत त्या सीमेवर खरोखरच तोफा डागल्या गेल्या. मग मी कुरकुर बंद केली. माझे गेले होते ते तिकिटाचे पैसे, तिथल्या लोकांची घरेच गेली.

आता रात्रीच्या बसबद्दल. ‘रात्री प्रवास करा, हॉटेलचा खर्च वाचवा’ हा सल्ला सगळेच देतात, तुमच्या लेखकानेही दिला आहे. व्हिएतनामच्या स्लीपर बसमध्ये चढताना चपला-बूट काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे, मग तीन रांगांपैकी एका रांगेतल्या खालच्या-वरच्या फळीवर पाय सरळ करून निजायचे. हनोईहून उत्तरेच्या डोंगरातल्या हा जांगला अशी बस पहाटे तीन-चारला उतरवते. हॉस्टेलची खाट दुपारी दोनला मिळणार. मग तुम्ही एक तर प्लास्टिकच्या खुर्चीवर पेंगत बसता, नाही तर आदल्या रात्रीचे पैसे भरून खाट घेता. दुसरा दिवस झोपेत जातो तो वेगळाच. एकट्या बाईने अनोळखी गावात पहाटे तीनला उतरावे की नाही, हा प्रश्न तर लेखाला पडलेलाच नाही. मी पुढे उजेडी पोचण्याचा नियम केला आणि त्यासाठी पदरमोड केली. हनोई ते सायगाव (आताचे हो ची मिन्ह सिटी) ही १७२६ किलोमीटरची रेल्वे मी तुकड्या-तुकड्यांनी केली, दिवसाच्या गाड्यांनी. ह्युए सोडल्यावर हाय व्हान घाटात गाडी समुद्राच्या कडेने चालते, तेव्हा डब्यातले झोपलेले लोकही उठून खिडकीशी येतात. रात्रीच्या गाडीत हे हुकले असते.

सायगावला पोचले ती मात्र भलत्याच वेळी. ३० एप्रिल २०२५ ला युद्ध संपल्याला ५० वर्षे झाली, त्याचे मोठे संचलन होते. शहरभर लाल झेंडे, गावोगावहून आलेली माणसे, आणि डॉर्ममधल्या खाटेचा भाव दुपटीहून जास्त. सरासरी काढणाऱ्याने असे आठवडे कुठे धरले असतील, कोण जाणे.

पैशावरून आठवले. व्हिएतनामच्या मोठ्या नोटा प्लास्टिकच्या, सगळ्यांवर हो ची मिन्ह, आणि वीस हजारांची नोट निळी, पाच लाखांचीही निळसरच. जुन्या कॅशियरलासुद्धा अंधारात फरक करताना डोळे ताणावे लागतात. लाओसच्या सीमेजवळच्या दिएन बिएन फूच्या बाजारात माझ्याच बसमधून उतरलेल्या एका उंच, थकलेल्या मुलाने केळ्यांच्या फणीसाठी वीस हजारांऐवजी पाच लाखांची नोट दिली आणि चालू लागला. केळेवाली म्हातारी आधी नोटेकडे पाहत राहिली, मग टोपली तशीच सोडून त्याच्या मागे धावली. त्याला वाटले, आणखी पैसे मागते आहे. तो हात झटकत पुढेच जाई. शेवटी तिने त्याची सॅक मागून धरली, त्याच्या हातात नोट कोंबली, आणि त्याच्याच पाकिटातून योग्य ती नोट आपल्या हाताने काढून घेतली. बघ्यांत हशा पिकला. तोच मुलगा संध्याकाळी हॉस्टेलच्या गल्ल्यावर दहा हजार डोंगसाठी, म्हणजे आपल्या तीस-पस्तीस रुपयांसाठी, पाऊण तास हुज्जत घालत होता.

हा प्रकार हॉस्टेलांत फार पाहिला. कोण किती कमी पैशांत राहिला याची तिथे चढाओढ चालते. तिकिटाला परदेशी माणसाचा दर वेगळा म्हणून तणतण करणारे भेटतात. कंबोडियन माणसाला त्याच्या देवळात फुकट सोडतात आणि मला ७२ डॉलर पडतात, यात मला काडीचाही अन्याय वाटला नाही. बँकॉकमध्ये आणि क्वालालंपूरमध्ये फुटपाथवर ‘माझ्या जगप्रवासाला मदत करा’ अशी पाटी घेऊन, छापील फोटो मांडून बसलेले धडधाकट तरुण पाहिले. त्यांच्यासमोरून हातावर पोट असलेली माणसे जात होती. आपल्यापैकी कोणी तसे बसले असते तर संध्याकाळच्या विमानाने परत पाठवले असते. भीक मागायलाही पासपोर्टचा रंग लागतो. ‘हॉस्टेलमध्ये काम करा, फुकट राहा’ हा लेखातला सल्लाही तपासून छापायला हवा होता. पर्यटक म्हणून शिरून काम करणे बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे, आणि ती गादी झटकायचे काम एरवी गावातली एखादी मुलगी पगार घेऊन करते.

स्कूटरचे तर लिहायलाच हवे. लेखात हा जांगच्या घाटांत भाड्याची दुचाकी घेऊन फिरण्याचे वर्णन आहे, फोटोही देखणा आहे. आपल्याकडे मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा. व्हिएतनाम मानतो १९६८ च्या व्हिएन्ना कराराखालचा. म्हणजे तिथे आपला परवाना कागदाचा कपटा, आणि परवाना नाही म्हटल्यावर अपघातात प्रवास विमाही हात वर करणार. मी तिथे दुचाकी चालवणारा स्थानिक माणूस घेतला आणि मागे बसले. मा पी लेंगच्या घाटात खाली नो क्वे नदी हिरव्या दोऱ्यासारखी दिसते. ती मी निवांत पाहिली, कारण रस्त्याकडे पाहायचे काम दुसऱ्याचे होते. त्याच हॉस्टेलमधला एक मुलगा पायाला प्लास्टर घालून पडला होता. विमा नव्हता. त्याचे मित्र फोनवरून वर्गणी गोळा करत होते. तुमच्या चौकटीतला आकडा त्याच्या बाबतीत किती झाला असेल, ते काढून पाहा.

खाण्याचे लेखात दोन ओळींत उरकले आहे: ‘शाकाहारींनी तडजोडीची तयारी ठेवावी.’ का म्हणून? थायलंडमध्ये पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर असलेली गाडी दिसली की तिथले जेवण ‘जे’ असते. त्यात मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. व्हिएतनाममध्ये पाटीवर ‘चाय’ लिहिलेले दुकान शोधायचे. तिथले बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार करतात. पौर्णिमा-अमावास्येचा हिशेब आपल्याला लहानपणापासून पाठ, त्यामुळे त्या दिवशी मी पोटभर जेवून घेत असे. पहिल्या महिन्याची पौर्णिमा तर मोठा सण. हनोईत त्या दिवशी एका देवळाच्या बाहेर मला मशरूम आणि टोफूचे इतके प्रकार मिळाले की आधी नीट विचारून घ्यावे लागले, दिसायला ते हुबेहूब मांसासारखे. अडचण येते ती लपलेल्या गोष्टींची. लाओसमध्ये पादेक, कंबोडियात प्राहोक, दोन्ही आंबवलेल्या माशांचे. इंडोनेशियाच्या सांबलमध्ये कोळंबीचे तेरासी. हे तीन शब्द पाठ करून जावेत, मग जावा बेटावर टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) आणि भात यांवर महिना सुखात जातो.

आता ‘सोलो’बद्दल, कारण लेखात त्याचे फार कौतुक आहे. एकटीने फिरण्यात सुख आहे. कोणाच्या चहाची वेळ सांभाळायची नसते. अंगकोरला एका भिंतीसमोर सकाळ घालवली तर कोणी घड्याळ दाखवत नाही. पण सात-आठ महिन्यांनी सगळे धबधबे सारखे दिसायला लागतात, हेही कोणीतरी लिहावे. पेनांगच्या जॉर्ज टाउनमध्ये मला सॅक उचलायचा मनापासून कंटाळा आला. मग महिन्याच्या भाड्याने खोली घेतली आणि काही म्हणजे काही पाहायचे नाही असे ठरवले. सकाळी केळीच्या पानावर तमिळ जेवण, दुपारी झोप, संध्याकाळी चिनी लोकांच्या समुद्रावरच्या लाकडी वस्तीत शेवटच्या फळीवर जाऊन बसायचे. खोलीखालच्या कॉफीच्या दुकानात दोन म्हातारे रोज पेपर वाचत. थायलंड-कंबोडियाच्या लढाईची बातमी आणि मग २८ जुलैला त्यांच्याच देशात, पुत्रजायात ठरलेला युद्धविराम, हे सगळे मी त्यांच्याकडून ऐकले. मी तिथूनच आले आहे म्हटल्यावर त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. त्यानंतर मी त्या टेबलाची झाले. वर्षभरात जितकी गावे पाहिली त्यांतले ओळखीचे म्हणावे असे हे एकच. तिथे मी पाहिले सर्वांत कमी, आणि खर्चही सर्वांत कमी केला.

तरुणांनी जाऊ नये असे मी मुळीच म्हणत नाही. वर्ष नसेल तर तीन आठवडे जावे, सहा देशांऐवजी एकाच देशात दोन गावे धरावीत, खर्च आपोआप आटोक्यात राहतो. आपल्या पुरवणीकडे मात्र मागणे आहे. असे लेख छापाल तेव्हा खाट, जेवण आणि बस यांच्या खर्चाशेजारी व्हिसा, विमा आणि ऐन वेळी घ्यावे लागणारे विमान यांचे रकाने वेगळे दाखवा. सगळे एकत्र करून सरासरी दिली की जाणारा फसतो. असली बेरीज मला माझ्या शाखेत कोणी चालू दिली नसती. लेखक किती दिवसांत किती देश फिरला तेही द्या, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. आणि माहिती कोणत्या महिन्याची आहे ते ठळक लिहा. मी असताना, २०२५ च्या मेपासून, थायलंडने आगमनपत्र आधीच ऑनलाइन भरायला लावले. तुमच्या चौकटीत अजून जुनेच कागदी कार्ड आहे. त्या ६० दिवसांचेही पुन्हा तपासून घ्या. ते कमी करायची चर्चा मी परतण्याआधीच तिथे सुरू झाली होती.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त कॅशियर
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)